तीन पालेभाज्या, एक कुकर: मेथीच्या मुटक्यांचं वरण

बुधवारी संध्याकाळी नाशिकच्या गोदाघाटावरचा बाजार आवरायला लागला की पालेभाजीवाले हाका मारायला लागतात. सकाळी वीसला एक मिळणारी मेथीची जुडी दिवेलागणीला वीसला दोन मिळते. कामावरून सुटून मी तिथून घरी येतो, त्यामुळे आमच्याकडे बुधवारी रात्री पालेभाजी ठरलेलीच. पण सात वाजता घरी पोचून भाजी निवडायची, वरण लावायचं, भाकऱ्या थापायच्या, शिवाय भात हवाच, हे सगळं करत बसलं तर मुलं साडेनऊला पेंगत जेवतात. म्हणून बुधवारी मी एकाच कुकरमध्ये डाळ, भाजी आणि भाकरीचं पीठ असं तिन्ही शिजवतो. डाळीत पालक आणि चुका, त्यात मेथी घातलेले ज्वारीचे मुटके. वरून तूप, सोबत कांदा. वेगळी भाकरी लागत नाही, भातही लागत नाही.

वरणफळं, चकोल्या, शेंगोळे, खानदेशातल्या डुबुकवड्या ही सगळी याच्याच भावकीतली. उकळत्या पातळ पदार्थात पिठाचे तुकडे शिजवायचे आणि त्याच पिठाने रस्सा दाट होऊ द्यायचा, ही मूळ रीत सगळ्यांची सारखीच. ज्याला वरणफळं जमतात त्याला हे नक्की जमेल. ज्याला काहीच जमत नाही त्यानेही खालचा क्रम पाळला तर पहिल्याच खेपेला जमेल, कारण यात हाताच्या सवयीपेक्षा कुठली गोष्ट कधी घालायची हे जास्त महत्त्वाचं आहे.

मला स्वतःला ते कळायला दोन वर्षं लागली. सुरुवातीला मी तिन्ही भाज्या एकदम चिरून डाळीसोबत कुकरला लावायचो. डाळ कण्या-कण्या राहायची, रंग शेवाळासारखा व्हायचा आणि मेथीचा कडूपणा सगळीकडे पसरायचा. आई निफाड तालुक्यातल्या गावी असते. तिला फोनवर विचारलं तर ती म्हणाली, "तिन्ही भाज्यांचा स्वभाव वेगळा, मग त्यांना एकाच वेळी कशाला घालतोस?" तेव्हापासून मेथी पिठात, चुका डाळ शिजल्यावर आणि पालकाची पानं अगदी शेवटी, असं चालतं.

काय काय घ्यायचं

हे माप चार जणांचं आहे. माझी वाटी १५० मिलीची आहे. तुमची लहान-मोठी असली तरी सगळं एकाच वाटीने मोजलं की झालं. कुकर ५ लिटरचा हवा. ३ लिटरच्या कुकरमध्ये मुटक्यांना फिरायला जागा मिळत नाही आणि ते एकमेकांना चिकटतात.

डाळीसाठी पाऊण वाटी तूरडाळ, पाव वाटी मूगडाळ आणि मूठभर कच्चे शेंगदाणे. पालकाची एक जुडी (निवडून साधारण २०० ग्रॅम) आणि चुक्याची अर्धी जुडी. फोडणीला दोन मोठे चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, कढीपत्ता, लसणाच्या १५ पाकळ्या, दोन लहान चमचे घरचा काळा मसाला, सुपारीएवढा गूळ, मीठ.

मुटक्यांसाठी दीड वाटी ज्वारीचं पीठ, पाऊण वाटी कणीक, अर्धी वाटी बेसन, बारीक चिरलेली मेथी दोन वाट्या भरून, लसूण-हिरव्या मिरचीचा ठेचा एक चमचा, अर्धा चमचा ओवा, एक मोठा चमचा तीळ, हळद, पाऊण चमचा मीठ, दोन चमचे तेल.

पिठांचं हे प्रमाण मी बऱ्याच बुधवारांनंतर पक्कं केलं आहे. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, म्हणून नुसत्या ज्वारीचे मुटके उकळत्या डाळीत सुटतात. कणीक त्यांना बांधून ठेवते. बेसन चव देतं, पण ते वाढवलं तर मुटका दातांना घट्ट लागतो. ज्वारीचं पीठ ताजं दळलेलं असावं. विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेल्या पिठाची भाकरी जशी थापताना चिरते तसा मुटकाही वळताना चिरतो आणि चिरलेला मुटका डाळीत फुटणारच. घरात कुणाला गहू चालत नसेल तर कणीक वगळा, ज्वारी दोन वाट्या घ्या आणि पीठ उकळत्या पाण्याने, भाकरीला उकड काढतात तसं भिजवा. उकळत्या पाण्याने ज्वारीला चिकटपणा येतो. असे मुटके थोडे नाजूक असतात, पण टिकतात.

भाजी निवडणं आणि धुणं

घरी आल्याबरोबर पहिलं काम म्हणजे दोन्ही डाळी धुऊन कडकडीत गरम पाण्यात भिजत टाकणं. भाजी निवडेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं जातात, तेवढं भिजणं पुरतं.

मेथीची पानं आणि वरचे कोवळे शेंडेच घ्यायचे. जाड देठ मुटक्यात दाताखाली येतात आणि मुटका तिथूनच फुटतो. गावठी मेथीची पानं लहान आणि वास जास्त, मिळाली तर तीच घ्या. पालकाची पानं आणि देठ वेगळे करा. देठ टाकायचे नाहीत, ते बारीक चिरून डाळीसोबत शिजतात. चुक्याचे देठ कोवळेच असतात, फक्त बुडखा काढा.

धुण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण एक खडा दाताखाली आला की मुलं ताट बाजूला सारतात. नाशिकच्या आसपासची बरीच पालेभाजी काळ्या मातीतून येते आणि ती माती पानाच्या मागच्या बाजूला चिकटून वाळलेली असते. नळाखाली जुडी धरून ती जात नाही. मोठ्या घमेल्यात किंवा बादलीत भरपूर पाणी घ्या, पानं बुडवून हाताने हलवा आणि दोन मिनिटं तशीच राहू द्या. मग पानं हाताने वर उचलून चाळणीत काढा. भांडं कलंडून पाणी ओतू नका, नाहीतर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. तळाला हात लावल्यावर कचकच लागत नाही तोपर्यंत पाणी बदलत राहा. मला साधारण तीन पाणी लागतात. पावसाळ्यात चार. भाजी धुतल्यावर चिरा, चिरून धुऊ नका.

आदल्या रात्री निवडून ठेवली तर अर्धं काम होतं. तेव्हा मात्र धुवायची नाही. कोरडी पानं सुती कापडात गुंडाळून डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. मेथी दोन-तीन दिवस चांगली राहते. ओली ठेवली तर दुसऱ्या दिवशी काळी पडते.

डाळ लावणं

कुकर तापवून तेल घाला. मोहरी तडतडली की जिरं, हिंग, कढीपत्ता आणि ठेचलेला अर्धा लसूण. लसणाचा रंग बदलायला लागला की शेंगदाणे, पालकाचे चिरलेले देठ, हळद. एक मिनिट परता. गॅस अगदी बारीक करून काळा मसाला घाला, दोनदा हलवा आणि लगेच भिजलेली डाळ आणि तीन वाट्या पाणी घाला. मसाला तेलात रेंगाळला की करपतो आणि करपलेल्या काळ्या मसाल्याचा कडवटपणा गुळानेसुद्धा झाकला जात नाही.

चुका यावेळी घालायचा नाही. आंबट पदार्थात डाळ लवकर मऊ होत नाही. चिंच, टोमॅटो, कैरी, चुका, सगळ्यांना हा नियम लागू आहे. डाळ आधी गळून शिजू दे, मग आंबट.

झाकण लावून मध्यम आचेवर चार शिट्ट्या काढा, नंतर पाच मिनिटं बारीक गॅस. बंद करून वाफ आपोआप जिरू द्या.

मुटके

कुकर गॅसवर आहे तोवर पीठ भिजवायचं. परातीत चिरलेली मेथी घेऊन तिला मीठ, हळद, ठेचा, ओवा, तीळ आणि तेल हाताने चोळा. मग पाच मिनिटं तिला हात लावू नका. मिठाने मेथीला पाणी सुटतं आणि पीठ किती पाणी मागणार हे त्यावर ठरतं. हे पाणी पिळून टाकू नका, मेथीची सगळी चव त्यात असते. मेथी कडू आहे म्हणून कचरणाऱ्यांना मी सांगेन की पिठात बांधल्यावर ती फार सौम्य होते आणि डाळीतला गूळ उरलेलं सांभाळतो.

आता तिन्ही पिठं घालून आधी पाणी न घालता कालवा. मग चमच्या-चमच्याने कोमट पाणी घालत गोळा मळा. मला कधी पाच चमचे लागतात, कधी आठ. पावसाळ्यातली मेथी पाणीदार असते, तेव्हा तर तीन-चारच लागतात. गोळा भाकरीच्या पिठापेक्षा घट्ट, पुरीच्या पिठापेक्षा किंचित मऊ असावा. बोट दाबल्यावर खड्डा राहिला पाहिजे आणि खड्ड्याच्या कडा चिरायला नकोत. चिरल्या तर पाणी कमी आहे. बोटाला पीठ चिकटलं तर चमचाभर ज्वारी भुरभुरा. पोळीच्या कणकेसारखं खूप तिंबत बसू नका, मुटके चिवट होतात.

तेलाचा हात घेऊन सुपारीएवढा गोळा घ्या आणि मुठीत धरून दाबा. बोटांचे ठसे उमटले पाहिजेत. मुठीत वळतात म्हणूनच त्यांना मुटके म्हणायचं, आणि ते ठसे शोभेचे नाहीत. त्या खाचांमध्ये रस्सा धरून राहतो आणि मुटका मध्ये पातळ झाल्यामुळे आतपर्यंत लवकर शिजतो. गुळगुळीत गोल लाडू वळले तर बाहेरून मऊ आणि आत कोरडं पीठ अशी गत होते. या मापात ३५ ते ४० मुटके होतात. मुलांना बसवा वळायला. आमची धाकटी फक्त सहा वर्षांची आहे आणि तिचे मुटके माझ्यापेक्षा चांगले होतात, कारण तिची मूठ लहान आहे.

वळलेले मुटके ताटात एकमेकांना न लागता ठेवा आणि वर कापड टाका. फार वेळ ठेवू नका. मिठाने मेथीला पाणी सुटतच राहतं, अर्ध्या तासाने मुटके चिकट व्हायला लागतात.

उकळी

सगळी मेहनत इथे सार्थकी लागते किंवा वाया जाते.

झाकण उघडा, डाळ पळीने किंवा रवीने हलकेच घोटा. पाच वाट्या गरम पाणी, दीड चमचा मीठ, गूळ आणि चिरलेला चुका घाला. चुका पाहता पाहता विरघळतो, पाच मिनिटांत त्याचा मागमूस राहत नाही, फक्त आंबटपणा उरतो. आता रस्सा तुम्हाला फारच पातळ वाटेल. तसाच हवा. पिठाचे मुटके पाणी पितात, शिवाय त्यांच्यातून सुटलेल्या पिठाने रस्सा दाटतो. आत्ताच बेताचा दाट वाटणारा रस्सा ताटात येईपर्यंत पिठल्यासारखा होईल. आणखी अर्धा-एक वाटी गरम पाणी बाजूला तयार असू द्या, गार पाणी मध्येच ओतायचं नाही.

मोठ्या आचेवर खळखळून उकळी येऊ द्या. कडेला बुडबुडे आले म्हणजे उकळी नव्हे, मधोमध डाळ उसळली पाहिजे. आता दहा-बारा मुटके एकेक करून, उसळी असेल तिथे अलगद सोडा. हात भाजणार नाही इतक्या जवळून सोडा, उंचावरून टाकू नका. ते टाकल्याबरोबर उकळी खाली बसते. ती परत वर येईपर्यंत थांबा, मग पुढचे दहा-बारा, परत थांबा, मग उरलेले. सगळे एकदम ओतले तर रस्सा एवढा गार होतो की मुटक्याची वरची कड बांधली जाण्याआधीच पीठ भिजून सुटायला लागतं. "उकळी मोडू देऊ नको," असं आई दर वेळी सांगते. मी हा पदार्थ कितव्यांदा करतो आहे हे तिला माहीत असतं, तरीही सांगते.

शेवटचे मुटके पडल्यावर तीन मिनिटं डाव घालायचा नाही. बुडाला लागेल अशी भीती वाटली तर कुकर दोन्ही कानांनी धरून हलकेच गोल फिरवा. तीन मिनिटांनी आच मध्यम करा, उलथण्याच्या पाठीने तळ एकदाच मोकळा करा आणि वर अर्धवट ताटली झाकून दहा-बारा मिनिटं शिजू द्या. मुटके घातल्यावर कुकरचं झाकण लावून शिट्टी मात्र काढू नका. पिठाचा फेस वर चढून वाफेच्या नळीत अडकू शकतो. ते धोक्याचं आहे.

शिजले का ते पाहायला एक मुटका काढून मधोमध चिरा. आत-बाहेर एकच रंग दिसला पाहिजे. मध्ये पांढरट, पिठूळ ठिपका असेल तर अजून तीन मिनिटं. मुटके तरंगायला लागले म्हणजे शिजलेच असं मानू नका, माझे आत कच्चे असतानाही वर आलेले आहेत.

आता पालकाची पानं चिरून घाला. तीन-चार मिनिटं पुरे. पानं आधीच घातली असती तर चुक्याच्या आंबटपणाने त्यांचा हिरवा रंग मारला असता आणि पालक नुसता चोथा झाला असता. गॅस बंद करून पाच मिनिटं झाकून ठेवा.

तेवढ्यात फोडणीच्या पळीत चमचाभर तेल तापवून उरलेला लसूण त्यात लालसर तळा, चिमूटभर लाल तिखट टाका आणि वरून ओता. हे वगळलं तरी चालतं. पण मी वगळत नाही. पहिल्या फोडणीतला लसूण डाळीत मुरून गेलेला असतो, हा ताटात समोर येतो.

बिघडलं तर

दोन-चार मुटके फुटले तर काही करायचं नाही, रस्सा छान दाट होतो. निम्मे फुटले तर गॅस बारीक करून उरलेले अलगद काढून घ्या, रस्सा नीट शिजवा आणि मग ते परत सोडा. पुढच्या वेळी कणीक दोन चमचे वाढवा. मुटके दडस झाले तर पीठ घट्ट होतं. त्यांना अर्धी वाटी गरम पाणी घालून झाकून मंद आचेवर आणखी पाच-सात मिनिटं ठेवा, बरेच सुधारतात. रस्सा अळणी लागला तर मीठ घाला, पण मुटका खाऊन बघून घाला. रस्स्यातलं मीठ एवढ्या वेळात मुटक्याच्या पोटापर्यंत पोचत नाही, म्हणून तर पिठात वेगळं घातलेलं असतं.

मोसमाप्रमाणे

मेथी-पालक-चुका हे हिवाळ्याचं त्रिकूट. निफाडकडे पारा पार खाली उतरतो त्या दिवसांत ज्वारीऐवजी बाजरी घ्या, पण बाजरी जास्त सुटते, म्हणून कणीक एक वाटी. थंडीतच हरभऱ्याची कोवळी भाजी मिळते. ती स्वतःच आंबूस असते, तेव्हा चुका नको. चाकवत मिळाला तर पालकाच्या जागी तो घाला, रस्सा मखमली होतो.

पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं आणि गोदेचं पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला लागलं की घाटावर बाजार भरत नाही आणि मेथीचे भावही चढतात. तेव्हा मेथीच्या जागी शेपू किंवा तांदुळजा. शेपूचा वास काहींना नको वाटतो, त्यांनी निम्मा शेपू, निम्मी कोथिंबीर करावी. अंबाडी वापरायची तर आधी उकळून पाणी टाकून द्या, ती फार आंबट असते. आणि पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) घरात असेल तर अर्धी वाटी ज्वारी कमी करून तेवढी नागली घाला. मुटके काळपट दिसतात, पण चव मातीच्या चुलीवरच्या भाकरीची आठवण देते.

वाढताना आणि दुसऱ्या दिवशी

खोलगट ताटलीत आधी मुटके, वर रस्सा, त्यावर साजूक तूप. लिंबाची गरज नाही, चुका आहे. कांदा हाताने फोडून द्या. शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि भाजलेला पापड असला तर आमच्याकडे दुसरं कुणी काही मागत नाही.

उरलं तर गार झाल्यावर लगेच फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संपवा. रात्रभरात मुटके रस्सा पिऊन फुगतात, सकाळी रस्सा जवळजवळ दिसतच नाही. अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर झाकून गरम करा. मी मात्र मुद्दाम आठ-दहा मुटके रात्रीच रस्स्यातून काढून ठेवतो. सकाळी त्यांचे दोन-दोन तुकडे करायचे, तव्यावर मोहरी-तिळाची फोडणी करून कडा कुरकुरीत होईपर्यंत परतायचे आणि वर कोथिंबीर. गुरुवारचा मुलांचा डबा त्यात होतो.